चढणीवर स्कूटर ओढतच नाही, गॅरेजवाले म्हणतात बोअर किट टाका

सुरंगी
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते, अर्धवट सांगितलं तर पुन्हा तुम्हालाच विचारत बसावं लागेल. स्कूटर ११० सीसी, २०१७ चं मॉडेल, बीएस ४, म्हणजे कार्बोरेटरवाली, ४१ हजार किमी झालेत. नेवऱ्याहून रत्नागिरीला रोज कामाला जाते, आरे-वारे मार्गे, म्हणजे समुद्राकडेच्या त्या चढणी रोज दोनदा. पावसाळ्याआधी मागे लेकाला बसवूनसुद्धा चढणीवर ३५-४० ने आरामात जायची. यंदा श्रावणात आई आजारी होती म्हणून महिनाभर माहेरी होते, गाडी पडवीत उभी. झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) लावलेली होती, पण आमच्याकडे वारा सुटला की पाऊस आडवाच येतो.
परत आल्यापासून गाडीचा जीवच गेलाय. सपाटीवर ४५ च्या वर काटा जात नाही, चढणीवर पूर्ण अॅक्सिलरेटर पिळला तरी २० वर येते. अॅव्हरेज ४६ चं ३५ झालंय. स्टार्ट मात्र पहिल्या सेल्फला होते, धूर नाही. गॅरेजमध्ये प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टरला हवा मारली, ऑइल बदललं, ११०० रुपये झाले, फरक शून्य. आता म्हणतात बोअर गेलाय, म्हणजे इंजिनातला सिलिंडर-पिस्टन झिजलाय, नवीन किट टाका, साडेसहा हजार. पैसे जमवीन पण खरंच तेच आहे का? परवा संध्याकाळी त्या चढणीवर मागून एसटी आली, मी २० वर, मागे नऊ वर्षांचा मुलगा, आणि बाजूला घ्यायला जागा नाही. फार घाबरले.

काजूबोंड
ताई, माझ्या गाडीला हुबेहूब असंच झालेलं, गाडी दीड महिना उभी होती आणि कुंभारीण माशीने एअर फिल्टरच्या हवा घ्यायच्या तोंडातच मातीचं घर केलेलं. फिल्टर वरून स्वच्छ दिसत होता म्हणून कोणी पुढे बघितलंच नाही. खराट्याची काडी घालून बघा. उंदीरसुद्धा फिल्टरचा कागद कुरतडून तिथे घर करतात. सायलेन्सरच्या तोंडात पण बघा.

होडीवाला
मी मालवणात होडीला आउटबोर्ड इंजिन चालवतो, त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी पेट्रोलवर जातो. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जातं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन तळाला बसतात. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो, तो सैल करून तिथलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं तशीच सावलीत ठेवून बघा. मध्ये रेघ दिसली तर खाली पाणी आहे. इंजिन थंड असताना आणि बिडी-काडी लांब ठेवून करा. होडीला त्यासाठी वेगळा पाणी पकडणारा फिल्टर असतो, स्कूटरला नसतो.

दहाबाराचा पाना
चिपळूणला माझं छोटं गॅरेज आहे, १९ वर्षं हेच करतोय. ताई, बोअर किटला घाई करू नका. बोअर गेलेल्या गाडीची लक्षणं बघा, ऑइल कमी होतं, मागून निळसर पांढरा धूर येतो, थंडीत स्टार्टिंगला कुरकुरते, किक मारताना पायाला दाब लागत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं एकही नाही. तरी शंका असेल तर प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून इंजिनातला दाब मोजायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. मोजल्याशिवाय इंजिन उघडणं मला मान्य नाही. चांगलं बसलेलं इंजिन उघडायचं म्हणजे उगाच नवीन आजार लावून घेणं.
आता मला तीन गोष्टी सांगा. एक, अॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनचा आवाज वाढतो का, आणि आवाज वाढूनही गाडी पळत नाही असं आहे का? दोन, का आवाजच वाढत नाही, इंजिन दबल्यासारखं घरघरतं? तीन, सपाट रस्त्यावर ४० ला असताना अॅक्सिलरेटर सोडून दिला तर गाडी पूर्वीसारखी लांबवर वाहत जाते का पटकन मंदावते? ताकद इंजिनात बनत नाहीये, का वाटेत बेल्टमध्ये गळतेय, का चाकाला कोणी धरून ठेवलंय, हे आधी कळलं पाहिजे. ते न बघता प्लग बदल, जेट बदल असं केलं तर पाकीट रिकामं होतं आणि गाडी तशीच राहते.

घाटमाथा
बेल्टच्या पुढच्या पुलीतले रोलर हलके टाका. मी १ ग्रॅमने हलके टाकले, कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला येताजाता गाडी उडी मारते नुसती. ४०० रुपयांत काम.

सडा
घाटमाथा, हलक्या रोलरने सुरुवातीचा पिकअप वाढतो हे बरोबर आहे, कारण गिअर वर जायला उशीर होतो आणि इंजिन जास्त आरपीएमवर राहतं. पण ताईंची गाडी कंपनीच्याच रोलरवर जूनपर्यंत नीट चढत होती. जे बिघडलंय ते न शोधता वर हलके रोलर टाकले तर इंजिन जास्त ओरडेल, सपाटीवर टॉप स्पीड आणखी कमी होईल आणि अॅव्हरेज तर जाईलच. आधी होती तशी करून घ्या, मग हवं ते करा.

घाटमाथा
मान्य. माझी गाडी मुळात ठणठणीत होती, हे सांगायचं राहिलं.

आंबोलीचो पावस
माका विचारशात तर आधी मागचा चाक हातान फिरवून बघा. मेन स्टँडवर लावा आणि फिरवा. खाऱ्या वाऱ्यान ब्रेक धरता. माझ्या वेंगुर्ल्यातल्या भावाच्या गाडयेक दर पावसाळ्यानंतर ह्याच होता.

दहाबाराचा पाना
आंबोलीचो पावस माझ्या मनातलं बोलला. सुरंगीताई, हे करा. गाडी ३-४ किमी ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबल्यावर मागच्या चाकाच्या मधल्या ड्रमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका, आधी एक इंचावरून धग लागते का बघा. मग पुढच्या चाकाचंही तसंच. तुमचं मॉडेल २०१७ चं म्हणजे डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक लागणारं असू शकतं, तसं असेल तर जोडणारी केबल ताणलेली असली की पुढचा ब्रेकसुद्धा धरतो.

सुरंगी
सगळ्यांचे आभार, एवढ्या जणांनी मनावर घेतलंत. आज रविवार म्हणून सगळं केलं.
काजूबोंड, हवेच्या तोंडात माती नाही, पण फिल्टरच्या डब्यात झुरळांची अंडी होती, काढली. होडीवाला दादा, बाटलीत रेघ दिसली नाही, पेट्रोल एकसारखं आहे. पाना दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजच कळलं. भंडारपुळ्याच्या सपाट रस्त्यावर ४० ला सोडून दिली तर गाडी कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी मंदावते. आधी बंद करून न्यूट्रलसारखी ढकलत न्यायचे तेव्हा सहज जायची, आता ढकलताना कमरेत भरतंय, ते मी माझ्याच थकव्यावर घालत होते. ४ किमी नंतर मागच्या ड्रमची धग एक वीतभर लांबून लागली. थोडं पाणी शिंपडलं तर चर्रकन वाफ. पुढचा कोमट. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने जेमतेम अर्धा फेरा फिरतं, घासल्याचा आवाज येतो.
टायरची हवा पण बघितली, मागे २९ पाहिजे तिथे १८ होती!

दहाबाराचा पाना
सापडला. गरम ड्रमवर पाणी मात्र पुन्हा टाकू नका, तडकू शकतो.
काय होतं ते सांगतो म्हणजे मेकॅनिकसमोर ठामपणे बोलता येईल. मागच्या ब्रेकच्या प्लेटमध्ये एक कॅम असतो, केबल ओढली की तो फिरतो आणि ब्रेकचे दोन्ही लायनर बाहेर दाबतो, लिव्हर सोडली की स्प्रिंगने परत मिटतो. तो कॅम ज्या भोकातून फिरतो तिथलं ग्रीस वाळतं, खारी हवा आणि पाणी शिरतं, गंज फुगतो आणि कॅम अर्धवट लागलेल्या जागीच अडकतो. लिव्हर परत जागेवर आलेली दिसते म्हणून कोणाला शंका येत नाही. महिनाभर उभी राहिलेली गाडी, किनाऱ्यावरची हवा, वर आडवा पाऊस, मग हे व्हायचंच.
गॅरेजात सांगा की चाक उतरवा, त्यासाठी सायलेन्सर काढावा लागेल, म्हणून टाळाटाळ करतात. बाहेरची दांडी काढण्याआधी कॅमवर आणि दांडीवर खूण करायला सांगा, नाहीतर बसवताना एक दाता मागेपुढे होतो. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने घासायचा, भोक साफ करायचं, उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं, बोटाने पुसल्यासारखं. ग्रीस लायनरला लागलं तर ब्रेकच लागणार नाही, तिथे हयगय नको. स्प्रिंग सैल झाल्या असतील तर बदला. शेवटी लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी खेळ ठेवा.
आणि एक, तुमच्या गाडीत तेलकट कागदी फिल्टर असेल तर त्याला हवा मारत नाहीत, त्याने तेल उडतं आणि धूळ आत जाते. तो बदलायचाच असतो. नवीन टाका.

तांबडी माती
सुरंगीताई, वेगळ्या गॅरेजमध्ये न्या असं सुचवेन. ज्यांनी चाक हाताने न फिरवता बोअर किट सांगितलं त्यांच्याकडे परत कशाला?

सुरंगी
तेच केलं. बाजारपेठेजवळ एक वयस्कर काका आहेत, त्यांच्याकडे नेली आणि समोर उभी राहिले. तो कॅम निघेना. डिझेल सोडून अर्धा तास ठेवला, मग पान्याने थोडा इकडे थोडा तिकडे असं करत करत निघाला. हातात घेतला तर मधला भाग पूर्ण तांबूस, साल निघावी तशी गंजाची पापडी, आणि भोकातून जांभ्याच्या चिखलासारखं काहीतरी निघालं. लायनर एका बाजूने झिजून चकाकत होते, तेही बदलले. फिल्टर नवीन. सगळे मिळून ८२० रुपये.
फरक खूप आहे. ढकलायला हलकी झाली, सपाटीवर ६० च्या पुढे जाते, अॅव्हरेज अजून मोजलं नाही. पण चढण अजून मनासारखी नाही. २० ऐवजी २७-२८ मिळतात, पूर्वी ३५-४० होते. आता लक्ष देऊन ऐकलं तर चढण सुरू झाली की इंजिनचा आवाज खाली खाली येतो, दबतो, घरघर करतो, आणि मग एकदम हिसका देऊन थोडा वाढतो. आधी ब्रेकमुळे बहुतेक हे झाकलं गेलं होतं. दोन आजार एकदम असू शकतात का?

सडा
असू शकतात, ४१ हजार किमीला तर नक्कीच. तुम्ही जे ऐकलंत ते फार महत्त्वाचं आहे. चढणीवर आवाज दबतो म्हणजे गाडी खालचा गिअर घेत नाहीये.
आपल्या स्कूटरला गिअर दिसत नाही पण असतो. पुढच्या पुलीत सहसा ६ रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि पुलीची थाळी आत सरकवतात, त्यामुळे बेल्ट पुढच्या पुलीत कडेला चढतो आणि मागच्या पुलीत आत रुततो, हा झाला वरचा गिअर. चढणीवर इंजिन मंदावलं की रोलरचा जोर कमी होतो, मागची मोठी स्प्रिंग मागची पुली आवळते, बेल्ट मागे कडेला येतो, पुढे आत बसतो, म्हणजे खालचा गिअर. रोलर गोल असतील तर हे सगळं लोण्यासारखं होतं. रोलर एका बाजूने सपाट झाले की ते गोल फिरत नाहीत, घसरतात, अडकतात, आणि मग एकदम निसटतात. तो तुमचा हिसका.
स्प्रिंग थकली असेल किंवा मागच्या पुलीतलं ग्रीस वाळलं असेल तरी असंच होतं. उलट, आवाज खूप वाढतोय पण वेग नाही असं असतं तर मी आधी बेल्ट आणि क्लच घसरतोय म्हटलं असतं.

काजूबोंड
बेल्ट किती किमीला बदलावा?

दहाबाराचा पाना
ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, आणि बेल्टची रुंदी किती खाली गेली की बाद, तेही दिलेलं असतं. व्हर्नियरने मोजायची. बेल्ट झिजून अरुंद झाला की पुलीच्या कडेपर्यंत पोचतच नाही, मग टॉप स्पीड जातो. आतल्या दातांच्या बुडाशी चिरा दिसल्या तर आकडा न बघता बदला. घाटात किंवा जेटीच्या रांगेत बेल्ट तुटला तर गाडी तिथेच उभी, किक मारून काही उपयोग नाही.
सुरंगीताई, उघडताना उभ्या राहा. पुढच्या पुलीचा नट सोडायला काही जण पुलीच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवतात, पातं तुटतं. होल्डर किंवा इम्पॅक्ट गन पाहिजे. आतली काळी पावडर फुंकून उडवू देऊ नका, तोंडाला फडकं बांधा, ओल्या कापडाने पुसायची. रोलरना ग्रीस लावायचं नाही, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ते कोरडेच चालतात, ग्रीस बेल्टवर उडालं की घसरलाच.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसवताना. मागची पुली हाताने दाबून बेल्ट आत खोल रुतवायचा, म्हणजे पुढे बेल्ट सैल मिळतो. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट दोन थाळ्यांच्या मध्ये चिमटला जातो, नट घट्ट बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. इंजिन चालू केल्यावर बेल्ट खाली जातो आणि नट सैल पडतो. माझ्याकडे अशा दोन गाड्या आल्यात, दोन्हींची शाफ्टची खाच खराब झाली होती. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला.

होडीवाला
हे सेव्ह करून ठेवतोय.

शिमगा
माझी बीएस ६ आहे, फ्युएल इंजेक्शन, तिचाही पिकअप गेलाय आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मला पण हेच का?

दहाबाराचा पाना
शिमगा, दिवा लागतोय म्हणजे गाडी स्वतःच सांगतेय. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, त्याआधी काहीही उघडू नका. ब्रेक आणि टायरची हवा मात्र तुम्हीही बघा, ते इंजेक्शनलाही चुकलेलं नाही. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं पूर्ण होऊ दे.

सुरंगी
झालं! काल काकांकडे उघडली. रोलर हातात घेतला आणि सडा यांनी लिहिलेलं जसंच्या तसं दिसलं. सहापैकी चार रोलर एका बाजूने असे सपाट की टेबलावर ठेवले तर गडगडतच नाहीत, सपाट बाजूवर जाऊन बसतात. एकाचं बाहेरचं प्लॅस्टिक जाऊन आतला धातू दिसत होता. नवीन रोलर शेजारी ठेवून मुलाने दोन्ही ढकलून बघितले, नवीन टेबलाच्या कडेपर्यंत गेला. बेल्ट नवीनपेक्षा दीड मिमीने अरुंद भरला आणि दातांमध्ये बारीक चिरा. मागच्या पुलीतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, ते साफ करून नवीन भरलं. क्लचचे लायनर अजून चांगले आहेत म्हणून ठेवले, स्प्रिंगही ठेवली. रोलर कंपनीच्या वजनाचेच घेतले. बेल्ट, रोलर, मजुरी धरून १४५० रुपये. बेल्ट रुतवून नट आवळा हे मी सांगायच्या आधीच काका ते करत होते, मला फार बरं वाटलं.
आज सकाळी मुलाला मागे घेऊन गेले. वारे गावच्या पुलानंतरची चढण, पूर्वी जिथे काटा गळायचा तिथे ३८ होता, आणि अॅक्सिलरेटर अजून थोडा बाकी होता. मुलगा मागून मोठ्याने आकडे वाचत होता. वरच्या वळणावर थांबून दोघांनी पाणी प्यायलं. मागच्या ड्रमवर हात ठेवला, गार.

तांबडी माती
वा ताई! दोन्ही कामं मिळून २२७० झाले म्हणजे, बोअर किटच्या जवळपास एकतृतीयांश.

आंबोलीचो पावस
बरा झाला. आता गाडी परत महिनाभर ठेवची असली तर आठवड्यातून एकदा कोणाक तरी गल्लीत फिरवून आणूक सांगा, ब्रेक चार वेळा दाबूक सांगा.

सुरंगी
हो, शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगून ठेवलंय. पाना दादा, आता लगेच काही करायचं आहे का?

दहाबाराचा पाना
५०० किमी झाले की ब्रेकचा खेळ परत तपासा, नवीन लायनर बसत जातात तसा खेळ वाढतो, नट अर्धा-एक फेरा आवळावा लागेल. तेव्हाच इंजिन गार असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा खेळ, बघून घ्या, ४१ हजारांत कोणी बघितलेत असं तुमच्या लिहिण्यात आलं नाही. आणि टायरची हवा दर पंधरा दिवसांनी.